खालचा तुकडा

४ मार्च

प्रिय दादा,

पोचलो एकदाचे. घर सापडायला त्रास झाला नाही, कुलूप उघडायला मात्र झाला. किल्ली "नेहमीच्या जागी" आहे म्हणालास, पण तुझी नेहमीची जागा मला काय ठाऊक? मी कुंड्या पालथ्या घातल्या, पायपुसणं झटकलं. शेवटी ह्यांनी पाण्याच्या मोटारीच्या खोक्यात हात घातला आणि किल्ली बाहेर काढली. तेव्हापासून स्वारी जरा ताठ मानेने चालते आहे.

फोनवर तुला ऐकू येत नाही, कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं, आणि मी ओरडायला लागले की तुझ्या वॉर्डातल्या सगळ्यांना आपल्या घरच्या गोष्टी कळतात. तेव्हा पत्रच बरं. खुब्याचं दुखणं कसं आहे ते लिही. माळ्यावरून बियाण्याचा डबा उतरवायला या वयात शिडीवर कशाला चढायचं, हे मी विचारणार नाही. विचारून झालंय.

तुझं स्वयंपाकघर पाहून हसावं की रडावं कळेना. ताटं ठेवायच्या फडताळात बियांच्या बरण्या, आणि ताटं खाटेखाली. मी सगळं जागच्या जागी लावलंय. चिडू नकोस.

आमच्या मुकादमांचं म्हणशील तर मला नवल वाटतंय. तुला माहीत आहे, निवृत्त झाल्यापासून खिडकीशी खुर्ची टाकून बसायचे. जन्मभर रस्ते सपाट केले, आणि मग एकदम कुणी विचारेना. जेवायला हाक मारली की यायचे, झोपा म्हटलं की झोपायचे. इथे आल्याबरोबर त्यांनी तुझं फाटक सरळ केलं, मोरीचं पाणी तुंबत होतं ते काढलं. हातोडी कुठे असते, असं त्यांनी मला आपणहून विचारलं. मी आत जाऊन डोळे पुसले.

शेत पाहिलं आणि जीव तुटला रे. वरचा तुकडा काय, खालचा काय, मक्याची वाळकी धाटं आडवी पडलेली, पाचोळा घोट्यापर्यंत, मधून कसलंसं गवत. तुला कधीपासून झेपत नव्हतं? एका शब्दाने कळवायचं नाही? हे बांधावर बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, एकट्या माणसाने ओढायचं तरी किती.

तुझी धाकटी


९ मार्च

प्रिय टकळे,

पत्र मिळालं. वॉर्डात सगळ्यांना वाटलं माझं कुणी वारलं, इतक्या वेळा मी ते वाचलं.

पाय वजन लावून टांगून ठेवलाय. मला छत दिसतं आणि शेजारच्या खाटेवरचा न्हावी दिसतो. त्याचा उजवा हात मोडलाय, त्यामुळे तो डाव्या हाताने पत्ते पिसतो आणि सगळ्यांना हरवतो. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करावं लागेल. हृदय जरा कमजोर आहे म्हणून तारीख ठरत नाही.

बरण्या कुठे ठेवल्यास? त्यांना ऊन लागू देऊ नकोस, एवढंच.

शेताचं मनावर घेऊ नका. आहे तसं राहू दे. मुकादमसाहेब आयुष्यभर उन्हात राबले, आता माझ्या घरी येऊन त्यांनी मातीत हात घालायचा म्हणजे मलाच लाज वाटेल. त्यांना माझ्यातर्फे सांग, आराम करा. शेताकडे फिरकला नाहीत तरी चालेल. खरंच चालेल.

दादा


१४ मार्च

प्रिय दादा,

तुझं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. ऐकता ऐकता त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. म्हणाले, "बघ, पाय टांगलाय आणि काळजी माझी. भिडस्त माणूस, तोंडाने कधी मागायचा नाही." आणि मला म्हणाले, अशा माणसाचं काम न मागता करायचं असतं.

दादा, आम्ही काय परके आहोत का? लहानपणी ताप आला तरी सांगायचा नाहीस, अंथरुणात तोंड खुपसून पडायचास. आई म्हणायची, ह्याचं दुखणं ह्याच्या अंगाला हात लावून ओळखायचं. तसंच आहे हे. आता स्पष्ट सांग, काय करून हवंय? पलीकडचा ट्रॅक्टरवाला जाता येता विचारतो, "दादांचं शेत यंदा तसंच ठेवायचं का?" त्याच्या स्वरात काय असतं ते मला कळतं. आसपासची सगळी शेतं साफसूफ झालीत, धाटं जाळून नांगरून तयार. मधोमध आपलंच तेवढं, महिनाभर न विंचरलेल्या डोक्यासारखं.

लवकर लिही. हे रोज सकाळी बांधावर जाऊन उभे राहतात.

धाकटी


१८ मार्च

प्रिय टकळे,

हे पत्र एकटी वाच. मुकादमसाहेबांना मोठ्याने वाचून दाखवू नकोस. आधी तू समजून घे आणि मग तुझ्या गोड भाषेत त्यांच्या गळी उतरव. मला ते जमत नाही.

शेत पडीक नाही. ते मी मुद्दाम तसं ठेवलंय.

माझ्या जमिनीला बारा वर्षं लोखंड लागलेलं नाही. नांगर नाही, वखर नाही. काठीने भोक पाडायचं, दाणा टाकायचा, पायाने झाकायचं. पीक निघालं की धाटं तिथेच आडवी करायची. ज्याला तू गवत म्हणतेस त्यातलं बरंचसं मी पेरलेलं आहे, जमीन उघडी पडू नये म्हणून. तो पाचोळा बाजूला करून बघ. खाली ओल असेल, आत्ता, या दिवसांत. माती हातात घेतलीस तर दाण्यादाण्याची निघेल. पांढरे धागे दिसतील, ती बुरशी आहे, घाबरू नकोस. गांडुळांची बिळं दिसतील. ती बिळं म्हणजे माझे पाट आहेत. त्यांच्यातून पाणी खाली उतरतं.

पूर्वी पाऊस महिनाभर पडायचा तेवढा आता एका दुपारी कोसळतो, मग पुढे कोरडं. अशा पावसात सगळ्यांची माती रस्त्यावर वाहून येते. माझी येत नाही. हे व्हायला सुरुवातीची चार-पाच वर्षं गेली. पीक निम्म्यावर आलं, लोक हसले. बायकोसुद्धा अखेरपर्यंत म्हणत होती, एकदा तरी नांगरून बघा. मी नाही नांगरलं. एकदाच नांगरलं तरी ती घडी मोडते. बिळं बुजतात, धागे तुटतात, उन्हाने सगळं करपतं. मग पुन्हा पहिल्यापासून. माझ्याकडे आता पुन्हा पहिल्यापासून इतकी वर्षं नाहीत.

म्हणून काही करू नका. माझ्या शेतात आत्ता काही न करणं हेच काम आहे. हे मुकादमसाहेबांसारख्या कामाच्या माणसाला कसं सांगायचं ते तू ठरव.

परवा ऑपरेशन आहे. हे पत्र नर्सबाईंकडे देतोय.

दादा


४ एप्रिल

प्रिय दादा,

काल घरी पोचले. गाडीत बसायला जागा मिळाली. तुला शुद्धीवर आलेलं बघितलं, तू मला ओळखून "एवढी का सुजलीस?" म्हणालास, आणि मला बरं वाटलं. इतके दिवस वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून तूही सुजला असतास. डॉक्टरांनी निघताना मला बाजूला घेऊन सांगितलं की हृदयावर ताण येईल असं काही त्यांच्या कानावर घालू नका. मी म्हटलं, त्याला ऐकूच येत नाही. ते हसले नाहीत.

तुझं अठरा तारखेचं पत्र इथे माझी वाट बघत होतं. हॉस्पिटलातून ऑपरेशनचा फोन आला आणि मी तुझ्याकडे निघाले, त्याच दुपारी आलं म्हणे. पाकिटावर माझं नाव, म्हणून ह्यांनी उघडलं नाही, फडताळात नीट ठेवून दिलं होतं. वाचलं. समजलं.

इकडे सगळं ठीक आहे. बरण्या सावलीत आहेत. हे मजेत आहेत, दोन वेळा व्यवस्थित जेवतात. तुला पक्षी आवडतात म्हणून सांगते, काल फाटकातून आत येत होते तर वरच्या तुकड्यात बगळ्यांचा थवाच्या थवा उतरलेला. पांढरेशुभ्र. इतके सुंदर दिसत होते की तू असतास तर जेवण विसरला असतास.

काळजी करू नकोस. भरपूर झोप.

धाकटी


९ एप्रिल

टकळे,

बगळे थव्याने येतात ते नांगराच्या मागून येतात. माती उलटली की वर आलेलं टिपायला. पाचोळ्यात त्यांना काही मिळत नाही. माझ्याकडे एखाददुसरा वाट चुकून येतो, थवा बारा वर्षांत आलेला नाही.

ते टिपत होते ती माझी गांडुळं.

वरचा तुकडा गेला, हे मला कळलं. खालचा आहे की तोही गेला? एवढंच कळव. माझ्या हृदयाचं मी बघतो.

दादा


१३ एप्रिल

दादा,

खालचा आहे. त्याला हात लागलेला नाही. हे आधी लिहिते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल.

आता बाकीचं. मी तुझ्याकडे आले आणि हे एकटे राहिले. इकडे घरात नुसती तुझ्या ऑपरेशनची धास्ती. त्यांना ना तिथे येता येत होतं, ना इथे बसवत होतं. म्हणून त्यांनी तुझ्यासाठी काहीतरी करायचं ठरवलं. ट्रॅक्टरवाल्याला गाठलं. धाटं, पाचोळा स्वतःच्या हाताने ओढून ढीग केला आणि जाळला. मग वरचा तुकडा नांगरून घेतला, उभा आणि आडवा. मी पोचले तेव्हा ढेकळं फोडण्याचं काम चाललं होतं. हे ट्रॅक्टरच्या मागे चालत होते, डोक्याला पंचा गुंडाळलेला, तोंडभर धूळ. मला बघून हात वर केला आणि लहान मुलासारखे हसले. दादा, लग्नानंतर इतक्या वर्षांत ते तसे हसलेले मला आठवत नाहीत.

"त्याला सांगू नकोस," म्हणाले. "घरी आला की बघू दे."

मी आत गेले, तुझं पत्र वाचलं आणि चुलीशी बसून राहिले. पाकीट उघडायला काय हरकत होती, असं त्यांना ओरडून विचारावंसं वाटलं. पण दुसऱ्याचं पत्र उघडायचं नाही हे शिकलेला माणूस, त्याला काय बोलणार?

तू म्हणशील, टकळे, तोंड कुठे गेलं तुझं? दादा, ते रात्री झोपतात आता. गोळी न घेता. सकाळी दाढी करताना गुणगुणतात. दोन वर्षं मी एका खुर्चीशी संसार केला, मला माहीत आहे ती खुर्ची काय होती. मी जर सांगितलं की तुम्ही मदत केली नाहीत, त्याच्या बारा वर्षांचं वाटोळं केलंत, तर ते पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसतील आणि मग उठायचे नाहीत. एका पारड्यात तुझी माती आणि दुसऱ्यात माझा माणूस, असं झालंय माझं. मला दोन्ही कळतं आणि काही करता येत नाही.

खालच्या तुकड्याला मी कसंबसं थोपवलंय. आधी म्हटलं तिथे साप निघाला. मग म्हटलं ट्रॅक्टरचं डिझेल महाग झालंय. आता माझ्याकडच्या सबबी संपत आल्यात. मी सांगितलं की त्यांना वाटतं बायको भित्री आहे. तू लिही. तुझा शब्द ते खाली पडू देणार नाहीत.

धाकटी


१९ एप्रिल

प्रिय टकळे,

दोनदा लिहिलं आणि दोनदा फाडलं. न्हाव्याने विचारलं कुणाशी भांडतोयस, मी सांगितलं स्वतःशी.

मला फार राग आला. तुझा आला, ट्रॅक्टरवाल्याचा आला, त्या नर्सबाईंचाही आला. मुकादमसाहेबांचा काही केल्या येईना. मी पडलो म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने माझं शेत साफ केलं, हे वाचून मला रडू आलं आणि त्याच वेळी ओरडावंसं वाटलं. इथे दोन्हीची सोय नाही. उशी तोंडावर घेतली तर सिस्टर धावत येतात.

नवीन बातमी अशी की हाड जुळतंय, पण काठीशिवाय चालता येणार नाही, आणि पेरणीच्या आत मला इथून सोडणार नाहीत. म्हणजे यंदा मी शेतावर पाय ठेवत नाही. जे काय होईल ते मी छताकडे बघत ऐकायचं.

वरच्या तुकड्याचं आता एकच करता येईल. तो उघडा ठेवू नका. डाव्या बाजूच्या मोठ्या बरणीत तागाचं बी आहे, ते तिथे मुठीने फेकून पेर. त्यावर मिळेल ते पसर. पेंढा, पालापाचोळा, जुनी पोती, काहीही. मुकादमसाहेबांना सांग पक्ष्यांपासून बी राखायला पसरतेय.

खालचा तुकडा राहिला तर मला सगळं पुन्हा करता येईल. तिथली ओंजळ-ओंजळ माती वर नेऊन टाकायची, विरजण लावतात तशी. त्यातून पुन्हा धरेल. तेवढा एकच उपाय आहे आणि तो एका तुकड्यावर उभा आहे. तो राहायलाच हवा.

मी त्यांना लिहितो. पण बहिणीच्या नवऱ्याला, वयाने मोठ्या माणसाला, त्याने केलेल्या कामाबद्दल नको कसं म्हणायचं, ह्याला मला थोडे दिवस लागतील. तोवर तू सांभाळ. पुन्हा साप काढ.

दादा


३ मे

दादा,

थोडे दिवस नाहीत आपल्याकडे. लगेच लिही.

पेंढा कुठेच मिळाला नाही. सगळ्यांनी जाळून टाकलाय. मी दारोदार गेले, लोक म्हणतात आधी यायचं होतंत. ताग फेकला आणि तुझ्या दोन जुन्या चादरी अंथरल्या. हे हसले, म्हणाले जमिनीला थंडी वाजते का?

आणि परवा अवेळी पाऊस झाला. पाऊस कसला, टाकी फुटल्यासारखं तासभर कोसळलं. मी खिडकीत उभी होते. वरच्या तुकड्यातून पाणी निघालं ते चहाच्या रंगाचं. ताग गेला, चादरी फाटकात येऊन अडकल्या. रस्त्यावर चिखलाचा थर साचला आणि तो कुणाचा आहे हे मला माहीत होतं. मी छत्री घेऊन खालच्या तुकड्याकडे धावले. तिथे काही नव्हतं. पाणी पडत होतं आणि नाहीसं होत होतं, बस. बांधाच्या खाली ओघळसुद्धा नाही. तू पत्रात लिहिलं होतंस ते मी वाचलं होतं, पण त्या दिवशी पाहिलं. भिजत उभी राहिले वेड्यासारखी.

ह्यांनीही वाहून गेलेली माती पाहिली. फार कष्टी झाले. रस्त्यावरचा चिखल फावड्याने ओढून घमेल्यातून परत शेतात टाकला, कंबर धरेपर्यंत. मग बसून विचार केला आणि म्हणाले, नांगरट उथळ झाली, खोल नांगरलं असतं तर पाणी मुरलं असतं. रस्त्याचा पाया खोल खणतात तसं. आणि आता खालचा तुकडा तरी वेळेत खोल नांगरून घ्यायला हवा, नाहीतर त्याचंही असंच होईल.

मी त्यांना तिथे बोलवून दाखवलं, बघा, इथून पाणी वाहिलं नाही. ते म्हणाले, गवतात दिसत नाही गं.

माझी बडबड जन्मभर सगळ्यांनी ऐकली, आणि आता कामाच्या वेळी कुणाला माझं ऐकू येत नाही. तू लिही, दादा. नको म्हण. नुसतं नको एवढंच लिहिलंस तरी चालेल.

धाकटी


८ मे

आदरणीय मुकादमसाहेब यांस,

तुम्हाला मी आजवर स्वतंत्र पत्र लिहिलं नाही, याबद्दल माफी असावी. माझ्या आजारपणात तुम्ही स्वतःचं घर सोडून आलात, आणि माझ्या शेतासाठी जे कष्ट घेतलेत ते मला धाकटीकडून कळले. या वयात, या उन्हात, स्वतःच्या हाताने धाटं ओढणं सोपं नाही. सख्ख्या भावानेही केलं नसतं. वाहून आलेली माती तुम्ही घमेल्याने परत टाकलीत हे वाचल्यावर मला शब्द सुचेनात. तुमचे उपकार मी विसरणार नाही.

एक विनंती होती. खालच्या तुकड्याची मात्र तुम्ही तसदी घेऊ नये. तो आहे तसाच राहिला तरी माझी काही हरकत नाही. मी आल्यावर माझ्या पद्धतीने त्याचं बघेन. तुम्ही एवढं केलंत तेच पुष्कळ झालं, आणखी भार तुमच्यावर टाकणं मला बरं वाटत नाही. प्रकृतीला जपावं.

आपला,
दादा

(धाकटे, ही चिठ्ठी वेगळी तुझ्यासाठी. बघ, लिहिलं एकदाचं. न्हाव्याला वाचून दाखवलं, तो म्हणाला मान राखूनही स्पष्ट आहे. खालचा तुकडा वाचला समज. आज पहिल्यांदा जेवण गेलं.)


१५ मे

आदरणीय दादा यांस,

सा. न. वि. वि. आपलं आठ तारखेचं पत्र पोचलं. मला पत्र लिहिण्याची सवय नाही, कामाचे अहवाल तेवढे लिहीत असे, तेव्हा चूकभूल माफ करावी.

नोकरीच्या सबंध काळात मला वरिष्ठांकडून शाबासकीचं पत्र एकदाही आलं नाही. तक्रारी आल्या. खड्डा पडला की नाव माझं. तुमचं हे पहिलं. मी ते शर्टाच्या खिशात ठेवलं आहे. ट्रॅक्टरवाल्याला वाचून दाखवलं, त्याच्या वडिलांनाही दाखवलं. "तसदी घेऊ नये" हे वाचून आम्ही सगळे हसलो. तुम्ही अंथरुणाला खिळलेले असताना आम्हाला तसदीची भाषा करता. आपल्या माणसाच्या कामात तसदी कसली?

तरी कळविण्यास आनंद होतो की खालच्या तुकड्याचं काम काल पूर्ण झालं. यावेळी मी हयगय केली नाही. मोठा नांगर मागवला आणि वरच्यापेक्षा बराच खोल घातला. धाटं, पाचोळा, गवत सगळं ओढून आधी जाळून घेतलं. बांधालगतची झुडपंही काढली, आता एका टोकाला उभं राहिलं की दुसरं टोक दिसतं.

दादा, एक सांगतो. मी जन्मभर जमीन खणली. इतकी काळी, इतकी भुसभुशीत माती मी कुठे पाहिली नाही. हातात घेतली तर ओली, आणि वास असा की मी तिथेच बसलो. अशी जमीन इतके दिवस त्या कचऱ्याखाली झाकून पडली होती, याचं वाईट वाटलं. तुम्हाला एकट्याला जमलं नसेल, त्यात तुमचा दोष नाही. आता मी आहे. आम्ही दोघांनी इथेच राहायचं ठरवलं आहे. दर हंगामाला नांगरणी माझ्याकडे, तुम्ही फक्त बरे होऊन या आणि खुर्ची टाकून बघा.

आपला नम्र,
मुकादम

दादा, खाली जागा उरली म्हणून लिहिते. हे पाकीट चिकटवायला मला देऊन बाहेर गेलेत.

मी गेले होते. ट्रॅक्टर सुरू व्हायच्या आधी बांधावर जाऊन आडवी उभी राहिले आणि या वेळी साप काढला नाही, खरं तेच बोलले. म्हटलं, थांबा, दादाला हे नकोय, त्याने मला लिहिलंय. तुझं ते मार्चमधलं पत्र मात्र त्यांच्या हातात द्यायचा मला धीर झाला नाही. ते अजिबात रागावले नाहीत. खिशातून तुझं पत्र काढलं, चष्मा लावला आणि मला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. उपकारांपाशी आवाज बारीक झाला, थांबले, पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "ह्यात नकोय असं कुठे लिहिलंय ते दाखव."

मी पत्र हातात घेतलं. दोनदा वाचलं. तुझंच अक्षर होतं. मला ते वाक्य सापडलं नाही आणि मी बाजूला झाले.